तक्रार बिशपकडे की पोलिसांकडे?

राहुरीचे कॅथलिक नाशिक धर्मप्रांतात येतात. एखाद्या फादरांनी मुलाशी गैरवर्तन केलं तर कुठं जायचं, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी बिशपांचं नाव येतं. हे अर्धंच उत्तर झालं. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. बिशपांना सांगितलं म्हणून पोलिसांत जाणं चुकत नाही. कायद्यात पापनिवेदनासाठीही वेगळी सूट लिहिलेली नाही.

मुलाला ठाण्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत. जबाब घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात, त्याही गणवेशाविना. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावरही फोन करता येतो.

चर्चची चौकशी वेगळी चालते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या नियमाने फादर-सिस्टरांना तक्रार वर कळवणं बंधनकारक झालं, प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची सोय करावी लागली. पदावरून दूर करणं चर्चच्या हातात, तुरुंग न्यायालयाच्या. मुंबईच्या शिवाजीनगरातील २०१५ च्या प्रकरणात एका धर्मगुरूला २०२१ मध्ये जन्मठेप झाली, ती विशेष पॉक्सो न्यायालयात.