त्रिपुराचा अमृतकूप

छत्रपति संभाजीनगरापासून सुमारें ३० किलोमीटरांवर वेरूळचीं लेणीं आहेत. तेथें जाणारा प्रवासी बहुधा कैलास लेणें पाहून तृप्त होतो व परत फिरतो. परंतु त्याच्या शेजारचें १५ व्या क्रमांकाचें दशावतार लेणेंहि पाहण्याजोगें आहे. त्यांत राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा ८ व्या शतकांतील शिलालेख आहे. याच लेण्यांतील एका शिल्पांत धनुर्धारी शिव रथारूढ असून ब्रह्मदेव त्याचें सारथ्य करीत आहे. हा शिव म्हणजे त्रिपुरान्तक. आणि ज्या युद्धास तो निघाला आहे, तें केवळ भूमीवरचें नव्हे, तर अंतराळांतीलहि आहे.

महाभारताच्या कर्णपर्वांत ही कथा आली आहे. तारकासुराचे तीन पुत्र तारकाक्ष, कमलाक्ष व विद्युन्माली यांनीं उग्र तप करून ब्रह्मदेवापाशीं अमरत्व मागितलें. सर्वथा अमरत्व कोणासहि नाहीं, असें उत्तर मिळतांच त्यांनीं तीन फिरतीं नगरें मागून घेतलीं. सोन्याचें नगर स्वर्गांत, रुप्याचें अंतरिक्षांत व लोखंडाचें पृथ्वीवर. सहस्र वर्षांनीं तीं एकत्र येतील, आणि त्या वेळीं जो एकाच बाणानें तीं भेदील, त्याच्याच हातून त्यांचा नाश व्हावा, असा हा वर होता. मयासुरानें तीं नगरें उभारलीं.

पण या युद्धाचें मर्म नगरांच्या तटांत नाहीं. तें एका जलाशयांत आहे. तारकाक्षाचा पुत्र हरि यानें असें सरोवर मिळविलें कीं, त्यांत टाकलेला मृत वीर अधिक बलवान् होऊन बाहेर येई. भागवताच्या ७ व्या स्कंधांत हाच अमृतरसाचा कूप मयासुरानें निर्माण केल्याचें वर्णन आहे. तेथें विष्णु गाय होतो, ब्रह्मदेव वासरूं होतो, आणि दोघे मिळून तो रस पिऊन टाकतात. रक्षक पाहत असूनहि मोहित झाल्यामुळें त्यांस अडवीत नाहींत.

या कूपाचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. ज्या सैन्यांतील मेलेला पुन्हां उठतो, त्यास तहाची गरज वाटत नाहीं. ज्यास प्रतिपक्षाला मारूनहि जय मिळत नाहीं, त्यास समूळ संहारावांचून दुसरा मार्ग दिसत नाहीं. दुर्मिळ वस्तु एकाच्याच हातीं राहिली, म्हणजे उभय पक्षांची दया आटते. अखेर देवांनीं आपलें अर्धें तेज शिवास दिलें, तीं नगरें एका रेषेंत आलीं, बाण सुटला, आणि असुरांसह त्रिपुर जळून पश्चिम समुद्रांत पडलें. मत्स्यपुराणांत मय तेवढा निसटतो. महाभारतांत त्या नगरांतील कोणी वांचल्याचें सांगितलेलें नाहीं.

आज अंतराळांत जाण्यास वराची गरज उरलेली नाहीं. चंद्रावर पाण्याचे अंश असल्याचें चंद्रयान-१ वरील उपकरणांच्या साहाय्यानें २००९ सालीं जाहीर झालें. पाण्यापासून प्राणवायु मिळतो, अग्निबाणाचें इंधनहि मिळतें. म्हणजे त्या निर्जल प्रदेशांत तेंच अमृत होय. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें कोणत्याहि राष्ट्रास चंद्रावर स्वामित्व सांगतां येत नाहीं. तथापि तेथून काढलेल्या द्रव्यावर आपल्या नागरिकांचा हक्क अमेरिकेनें २०१५ सालीं कायद्यानें मान्य केला. भूमि कोणाचीच नाहीं, पण उपसलेलें पाणी मात्र उपसणाऱ्याचें, अशी ही स्थिति आहे. कूपावर पहारा बसण्यापूर्वींच त्याच्या वांटणीचा नियम ठरणें किती अगत्याचें आहे, हें यावरून ध्यानीं येईल.

कार्तिकी पौर्णिमेस महाराष्ट्रांत देवळांपुढील दीपमाळा उजळतात. घरोघर त्रिपुरवाती लावल्या जातात. तो विजयाचा उत्सव आहे, हें खरेंच. परंतु त्या ज्योतींकडे पाहतांना जळालेल्या तीन नगरांचीहि आठवण ठेवली, तर त्या कथेचा अर्धा राहिलेला बोध पुरा होईल.