ढ, बिने आणि ८८ हा आकडा
(मनाचं कामकाज : लेखांक ९)

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत 'ढ' का म्हणतात, याचं एक गमतीचं कारण सांगतात. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येता येता बाकीच्या अक्षरांनी आपली रूपं बदलली, ढ मात्र होता तसाच राहिला. दोन हजार वर्षं एकाच इयत्तेत! ही व्युत्पत्ती खरी की कुणा मास्तरांच्या डोक्यातून निघालेली, हे लिपीच्या जाणकारांनी ठरवावं. मला तिच्यातली समजूत महत्त्वाची वाटते. 'ढ' म्हणजे नुसता कमी हुशार नव्हे. 'ढ' म्हणजे जो बदलत नाही तो.

गेल्या आठवड्याच्या लेखांकानंतर सांगलीकडच्या एका आजींचं पत्र आलं. नातू तिसरीत आहे, वाचनात मागे पडतो. शाळेच्या सांगण्यावरून त्याची बुद्धिमत्ता चाचणी झाली आणि अहवालात बुद्ध्यांक ८८ आला. आजी विचारतात, 'शंभरात अठ्ठ्याऐंशी म्हणजे चांगलेच की. मग सूनबाई दोन दिवस रडते का?'

पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाटलं, सूनबाईंचाही हिशेब तितकाच चुकलाय. आजी ८८ला मार्क समजताहेत आणि सूनबाई बाळाच्या कपाळावरचा शिक्का. हा आकडा मुळात काय मोजायला निघाला होता, ते कळायला पॅरिसला जावं लागेल.

आल्फ्रेड बिने हा माणूस पदवीने वकील होता. मानसशास्त्र तो शिकला ग्रंथालयात बसून, स्वतःचं स्वतः. तरुणपणी शार्को या नामांकित डॉक्टरांच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात त्याने संमोहनावर काम केलं. लोहचुंबक फिरवला की संमोहित बाईच्या शरीरातली लक्षणं डावीकडून उजवीकडे सरकतात, असा दावाही केला. बेल्जियममधल्या देलबफ यांनी तो खोडून काढला. बायकांना समोर काय चाललंय ते कळत होतं आणि त्या अपेक्षेप्रमाणे वागत होत्या, एवढाच त्यातला चमत्कार. बिनेला चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. विचारणाऱ्याच्या मनातलं उत्तर समोरच्याच्या तोंडून कसं बाहेर येतं, याचा धडा त्याला असा फुकटात मिळाला.

मग तो घरी, आपल्या मुलींकडे वळला. मादलेन आणि आलिस. दोघींना कोडी घालायची, शब्द सुचवायला सांगायचे, समोरच्या वस्तूचं वर्णन करायला लावायचं. थोरली नेमकं पाहणारी, धाकटी कल्पनेत रमणारी. एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढलेल्या दोन मुलींची विचार करण्याची रीत इतकी वेगळी! त्या काळात बुद्धी शोधायची म्हणजे कवटीचा घेर मोजायचा अशी पद्धत होती. बिनेनेही शाळकरी मुलांची डोकी मोजून पाहिली होती. हुशार आणि मागासलेल्या मुलांतला फरक मिलिमीटरमध्ये निघाला आणि तोही भरवशाचा नव्हता. त्याने मोजपट्टी बाजूला ठेवली.

१९०४मध्ये फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली. सक्तीचं शिक्षण येऊन वीसेक वर्षं झाली होती. पूर्वी शाळेचं तोंड न पाहणारी मुलं आता वर्गात होती आणि त्यांतली काही मागे पडत होती. कुणाला जादा मदतीची गरज आहे, हे ठरवायचं कसं? मास्तरांवर सोपवलं तर मास्तर वांड पोराचं नाव पुढे करणार, हे बिने ओळखून होता. म्हणून त्याने तेओदोर सिमों या तरुण डॉक्टरला हाताशी धरून १९०५मध्ये तीस प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. सुरुवात अगदी सोपी : पेटलेली काडी डोळ्यांसमोरून फिरवली तर मूल नजर फिरवतं का? चॉकलेट आणि तेवढाच लाकडाचा तुकडा यांतला खायचा कोणता? मग चढत चढत अमूर्त शब्दांमधल्या फरकापर्यंत.

१९०८च्या आवृत्तीत त्याने हे प्रश्न वयाप्रमाणे लावले. बहुतेक सहा वर्षांच्या मुलांना जे जमतं ते सहाव्या वर्षाच्या खणात, आठ वर्षांच्यांना जमतं ते आठव्याच्या. मूल कुठल्या खणापर्यंत पोचतं ती त्याची बौद्धिक पातळी. एवढंच. आठ वर्षांचा मुलगा सहाच्या खणात अडकला, तर त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. का अडकला, हे ती श्रेणी सांगत नव्हती. कायमचा अडकलाय असं तर मुळीच नाही. बुद्धी म्हणजे जन्माला येताना मिळालेली ठरीव रक्कम, वाढायची नाही, या मताला बिनेने १९०९च्या पुस्तकात क्रूर निराशावाद म्हटलं आणि त्याविरुद्ध उभं राहिलं पाहिजे असं बजावलं. दोन वर्षांनी, चौपन्नाव्या वर्षी तो गेला.

त्यानंतर जे झालं त्याला घरातला कर्ता माणूस गेल्यावर होणाऱ्या वाटणीचीच उपमा द्यावी लागेल. १९१२मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं. १९१६मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभरने गुणलं. झाला बुद्ध्यांक. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय सहा, तर सहा भागिले आठ गुणिले शंभर : ७५. 'दोन वर्षं मागे आहे' असं म्हटलं की 'मग आता काय करू या' हा प्रश्न आपोआप पुढे येतो. '७५ आहे' म्हटलं की येत नाही. वाक्यातलं वर्षच गेलं, आणि वर्षाबरोबर वाढही. बुद्ध्यांक म्हणजे मूळ हेतूशी केलेली फितुरी, असं सिमों यांनी पुढे म्हटलं, ते उगीच नाही.

फितुरी कुठवर गेली? हेन्री गॉडर्ड यांनी ही श्रेणी इंग्रजीत नेली आणि न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना लावली. खालच्या वर्गातून कित्येक दिवसांचा समुद्रप्रवास करून आलेली, भेदरलेली माणसं. अनेकांनी जन्मात पेन्सिल धरलेली नाही. त्यांना दुभाष्यामार्फत सांगायचं, तीन मिनिटांत साठ शब्द म्हणा! १९१७मध्ये गॉडर्डनी निष्कर्ष छापला : तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन लोकांपैकी पाचांत सुमारे चार मंदबुद्धी. आपल्या कसोटीत काही गफलत असेल, ही शंका त्यांना तेव्हा पुरेशी शिवली नाही.

व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक या तरुणीचं मानसिक वय नऊ ठरवण्यात आलं, तिच्या आईचं त्याहून कमी. कॅरीच्या तान्ह्या मुलीकडे नुसतं पाहून तीही तसलीच असणार, असं सांगण्यात आलं. कॅरीला सक्तीने वंध्य करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७मध्ये आठ विरुद्ध एक अशा मताने परवानगी दिली. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली. आठव्या वर्षी आजारपणात वारली. पण त्याआधी एकदा तिचं नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागलं होतं.

आपल्याकडे ही श्रेणी आली ती वेगळ्या वाटेने. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली. त्यांचं पुस्तक १९४०मध्ये प्रसिद्ध झालं. 'बिने-कामत' हे नाव आजही रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत ऐकू येतं. बेतणं म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. बिनेच्या मूळ श्रेणीत एक प्रश्न असा होता : पॅरिस, नदी आणि संपत्ती हे तीन शब्द घालून वाक्य करा. दुसऱ्या एकात दोन चेहऱ्यांची चित्रं दाखवून सुंदर कोणता, असं विचारलं होतं. सुंदर कुणाच्या मते? पॅरिसच्या की पाटगावच्या? फ्रेंच नाण्यांचे हिशेब होते. त्या जागी आणे घालावेत, तर १९५७मध्ये नवे पैसे आले आणि आण्याचा हिशेब आजोबांपुरता उरला. प्रश्न असे शिळे होतात.

उत्तरंही शिळी होतात, पण उलट्या दिशेने. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या लोक या चाचण्यांमध्ये जास्त गुण मिळवत आलेत, दर दशकाला तीनेक गुणांनी. म्हणजे जुन्या पट्टीवर आजचं मूल मोजलं तर ते आहे त्याहून उंच दिसतं. आपल्या आज्या-पणज्या निर्बुद्ध होत्या असा याचा अर्थ लावला, तर तो आपलाच निर्बुद्धपणा. मग बदललं काय?

याचं मला पटलेलं उत्तर फ्लिनच्या कितीतरी आधी, १९३१-३२मध्ये उझबेकिस्तानात सापडतं. अलेक्सांद्र लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना चार चित्रं दाखवत : हातोडा, करवत, कुऱ्हाड, ओंडका. यातलं वेगळं कोणतं? शाळेत गेलेला कुणीही 'ओंडका' म्हणेल, बाकीची हत्यारं आहेत. शेतकरी म्हणत, चारही एकत्र हवीत. ओंडका काढला तर करवतीचं काय करायचं? दुसरा प्रश्न : उत्तरेकडे, जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर यायचं : मी काळं अस्वल पाहिलंय, तिकडची पाहिली नाहीत. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कशाला बोलायचं?

हे वाचलं तेव्हा मला आमची आत्या आठवली. कोकणातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. कॉलेजात मानसशास्त्र नवं नवं शिकत होतो, तेव्हा शहाणपणा करून तिला विचारलं होतं, 'आत्ये, कोयता, विळी, खवणी आणि नारळ. यातलं वेगळं काय?' ती म्हणाली, 'नारळ बाजूला ठेवलास तर बाकीची घेऊन काय आरती ओवाळू?' मी वहीत 'चूक' असं लिहिलं. ती वही आता सापडत नाही, बरंच आहे.

आत्येला वर्गीकरण येत नव्हतं असं नाही. आंब्याच्या पाडाचे पाच प्रकार ती हाताने चाचपून सांगायची. तिची वर्गवारी कामाच्या पोटी जन्मलेली होती. शाळा जी शिकवते ती कामापासून सोडवलेली. वस्तू हातात नसताना, गरज नसताना, केवळ कुणी विचारलं म्हणून त्यांना गटात बसवणं ही एक सवय आहे. ती शाळेतून, छापील पानांतून, कोड्यांतून लागते. बुद्धिमत्ता चाचण्या या सवयीवर बरीच भिस्त ठेवतात. सवय निरुपयोगी नाही. आजच्या जगात तीच पोटाला घालते. पण ती म्हणजे अख्खी बुद्धी नव्हे.

टर्मनना ही गोष्ट त्यांच्या हयातीत पुरेशी पटली नसावी. १९२१पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली दीडेक हजार अतिबुद्धिमान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचं काम सुरू केलं. बरीच मुलं यशस्वी निघाली. मात्र नोबेल एकालाही मिळालं नाही. ते मिळालं चाचणी देऊनही निवड न झालेल्या दोघांना, विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ यांना. पुण्यात १९६२मध्ये आप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी काढली, तीही कसोट्या घेऊनच. पण तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी गिलफर्ड यांच्या पद्धतीने बुद्धीचे अनेक पैलू वेगवेगळे मोजायची वाट धरली. एका आकड्यापेक्षा मला ती वाट बरी वाटते.

आता आजींचे ८८. भागाकाराचा बुद्ध्यांक मोठ्यांना लावता येत नाही (चाळिशीतल्या माणसाचं मानसिक वय वीस, म्हणून तो ५०?), म्हणून १९३९मध्ये डेव्हिड वेक्सलर यांनी हिशेबच बदलला. आज बहुतेक चाचण्यांत समवयस्कांची सरासरी १०० धरतात आणि साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५च्या दरम्यान येतात. या हिशेबात ८८चं मूल मधल्या गर्दीतच उभं आहे. शंभर मुलांतल्या वीस-एकवीस जणांच्या पुढे. शिवाय चार-पाच गुणांचा फरक नुसत्या झोपेने, सर्दीने, अनोळखी खोलीने पडू शकतो. तेव्हा आजी, अहवाल पुन्हा काढा आणि तीन गोष्टी बघा : चाचणी कोणती, ती कोणत्या भाषेत घेतली आणि उपविभागांचे गुण वेगवेगळे दिलेत का. बोलून उत्तर द्यायचे प्रश्न सुटले आणि वाचायचे तेवढे अडले, तर प्रश्न वाचनाचा आहे. वाचनाच्या अडचणीची तपासणी वेगळी असते, ती करून घ्या.

मदतीचं म्हणाल, तर बिनेने मागे पडलेल्या मुलांसाठी जे वर्ग सुरू करवले तिथे पहिल्याच दिवशी पुस्तक उघडत नसत. आधी पुतळ्याचा खेळ. खूण झाली की सगळ्यांनी आहे त्या स्थितीत थिजून उभं राहायचं. पहिल्या दिवशी गोंधळ, हसणं, ढकलाढकली. हळूहळू पोरं स्थिर राहायला लागत. मग काठोकाठ भरलेले पाण्याचे पेले तबकात घेऊन एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायचे, न सांडता. लक्ष देणं, थांबणं, स्वतःच्या हातावर ताबा ठेवणं, हे शिकता येतं आणि ते आल्याशिवाय अक्षरं टिकत नाहीत, असा त्याचा हिशेब. याला त्याने नाव दिलं होतं 'मानसिक ऑर्थोपेडिक्स', म्हणजे मनाला वळण लावणं, अशा अर्थाचं.

पत्राच्या शेवटी आजींनी आणखी एक ओळ लिहिली आहे : 'चाचणी घेणाऱ्या बाईंनी विचारलेलं त्याला घरी सगळं येत होतं, तिथे तोंडच उघडलं नाही.' येतं, पण करावंसं वाटत नाही. हे प्रकरण बुद्धीचं नाही, प्रेरणेचं. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.