वऱ्हाडातील बालकांमधील डासजन्य रोगांचा भार

वऱ्हाडातील बालकांमधील डासजन्य रोगांचा भार म्हणजे अमरावती, अकोला व लगतच्या भागांत हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, हत्तीरोग इत्यादी रोगांमुळे मुलांच्या वाट्यास येणारे आजारपण, अपंगत्व आणि मृत्यू यांचे एकूण मोजमाप होय. शासकीय नोंदीतील रुग्णसंख्या ही या भाराचा केवळ एक अंश असते. उरलेला अंश कसा अंदाजतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २८.९ लाख, तर अकोला जिल्ह्याची सुमारे १८.१ लाख होती. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने गोडे पाणी साठवून ठेवावे लागते. रांजण, सिमेंटच्या टाक्या आणि वऱ्हाडी उन्हाळ्यात घरोघरी लागणारे कूलर ही डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डासाची हक्काची उत्पत्तिस्थाने होत. याउलट मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत डोंगर, झरे आणि दाट जंगल यांमुळे ॲनोफिलीस डासाला व पर्यायाने हिवतापाला अनुकूल परिस्थिती असते. एकाच अमरावती जिल्ह्यात अशी दोन भिन्न रोगचित्रे आढळत असल्याने जिल्ह्याची सरासरी फारसे काही सांगत नाही.

नोंद निसटण्याची कारणे

डेंग्यूचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य मुलांना लक्षणे दिसत नाहीत किंवा किरकोळ ताप येऊन जातो. लहान मूल डोकेदुखी वा सांधेदुखी सांगू शकत नाही. त्यामुळे ‘साधा ताप’ एवढेच निदान होते. विषाणूचा एनएस-१ हा घटक तापाच्या पहिल्या पाच दिवसांत सापडतो, तर आयजीएम प्रतिपिंडे त्यानंतर. चुकीच्या दिवशी रक्त घेतल्यास खरा रुग्णही सुटतो. शिवाय राष्ट्रीय कार्यक्रमात एलायझा चाचणीने सिद्ध झालेलाच रुग्ण निश्चित मानला जातो. खासगी दवाखान्यातील झटपट कार्ड चाचणी त्या गणतीत येत नाही.

हिवतापाची आकडेवारी किती रक्तनमुने तपासले यावर अवलंबून असते. ज्या पाड्यावर आरोग्य कर्मचारी पोहोचलाच नाही, तो पाडा कागदोपत्री हिवतापमुक्त ठरतो! उलट दिशेनेही चूक संभवते. १९६५ मध्ये नागपुरात डेंग्यू व चिकुनगुन्याच्या साथीच्या काळात चांदीपुरा हा निराळाच विषाणू सापडला. तो वालुमाशीमार्फत पसरतो.

अंदाजाच्या पद्धती

हिवतापाचा भार मुलांवरून मोजण्याची पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टी. ई. डेम्स्टर यांनी पश्चिम यमुना कालव्याकाठच्या गावांत वाढलेल्या प्लीहेचे प्रमाण तपासले. पुढे मुलांमधील प्लीहा-दर हे हिवतापाचे प्रमाणभूत गमक झाले.

मृत्यूंसाठी ‘मौखिक शवपरीक्षा’ वापरतात; म्हणजे कुटुंबीयांना अखेरच्या आजाराविषयी विचारून मृत्यूचे कारण ठरवितात. या मार्गाने २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतात वर्षाला सुमारे २,०५,००० हिवताप-मृत्यू होत असल्याचा अंदाज दिला. त्यांपैकी सुमारे ५५,००० बालपणाच्या आरंभीच्या वर्षांतील होते. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज मात्र सर्व वयांसाठी सुमारे १५,००० होता. अभ्यासातील ८६ टक्के मृत्यू कोणत्याही आरोग्यसंस्थेबाहेर झाले होते. इतर तापही हिवतापात मोजले गेले असावेत, हा संघटनेचा आक्षेप होता, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

डेंग्यूसाठी गुणक-पद्धती वापरली गेली. २०१४ मधील एका अभ्यासानुसार २००६ ते २०१२ या काळात देशात दरवर्षी सरासरी सुमारे ५८ लाख वैद्यकीयदृष्ट्या निदान झालेले रुग्ण होते. नोंदलेल्या सुमारे २०,००० रुग्णांच्या तुलनेत हे प्रमाण २८२ पट आहे. हा गुणक अकोल्याच्या वा अमरावतीच्या आकड्याला लावण्याचा मोह टाळावा. सर्वोपचार रुग्णालयाजवळचे शहरी मूल आणि मेळघाटातील कोरकू मूल यांच्या नोंदीची शक्यता सारखी नसते.

सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे रक्तद्रव सर्वेक्षण. मुलांच्या रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे आहेत का, हे यात तपासतात. मूल जितके वर्षांचे, तितकीच वर्षे त्याला संसर्गाचा धोका होता. म्हणून वयोगटनिहाय प्रमाणावरून वार्षिक संसर्गवेग काढता येतो. २०१७-१८ मध्ये १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत झालेल्या सर्वेक्षणात ५ ते ८ वर्षांच्या २८.३ टक्के आणि ९ ते १७ वर्षांच्या ४१ टक्के मुलांत डेंग्यूची प्रतिपिंडे आढळली. पहिल्या गटाचे सरासरी वय ७ धरल्यास, पूर्वी संसर्ग न झालेल्या दर १०० मुलांपैकी सुमारे ५ जणांना दरवर्षी संसर्ग होतो, असे गणित निघते. मात्र जपानी मेंदूज्वराच्या प्रतिपिंडांशी गल्लत होऊन हे प्रमाण फुगू शकते. हत्तीरोगातही, सामुदायिक औषधोपचारानंतर, ६-७ वर्षांच्या मुलांचीच तपासणी करतात. कारण त्यांच्यातील संसर्ग अलीकडचाच असतो.

लसीकरणाशी संबंध

हे आकडे केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचे नाहीत. फिलिपाईन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस देण्यात आली. पूर्वी डेंग्यू न झालेल्या मुलांत लशीनंतर तीव्र डेंग्यूचा धोका वाढतो, असे निष्पन्न झाल्याने २०१७ च्या अखेरीस ती मोहीम थांबली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने या लशीसाठी पूर्वतपासणीची, किंवा नवव्या वर्षापर्यंत किमान ८० टक्के मुलांत प्रतिपिंडे असल्याची अट सुचविली. भारताच्या सर्वेक्षणातील ९ ते १७ वयोगटाचे प्रमाण या मर्यादेच्या जेमतेम निम्मे आहे.