मांडीवरचं लेकरू

दिवाळीनंतर भाचीकडे नगरला गेले होते. (आता अहिल्यानगर, पण तोंडात जुनंच बसलंय.) सोनपेठहून परळी, बीड करत पोहोचेपर्यंत अंग आंबून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ल्यात नेहरूंना ठेवलेली खोली पाहिली. परतताना भाची म्हणाली, "मावशी, इंग्रजांनी नगरला बोअर कैदीसुद्धा आणून ठेवले होते." बोअर म्हणजे कोण, इथपासून माझी तयारी!

बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले, मूळ डच वंशाचे शेतकरी. १८९९ ते १९०२ ते इंग्रजांशी लढले. पकडलेले हजारो पुरुष हिंदुस्थान, सिलोन, सेंट हेलेनाला धाडले. "आणि त्यांच्या बायका-लेकरं?" मी विचारलं. भाचीने मोबाइलच पुढे केला.

फोटोत ब्लूमफाँटेन शहरातलं शिल्प होतं, अँटन व्हॅन वाऊ या शिल्पकाराचं. एक बाई बसलेली, मांडीवर निपचित लेकरू. शेजारी दुसरी उभी, नजर लांब कुठंतरी. घोडा नाही, बंदूक नाही. आपल्याकडे लढाईचं शिल्प म्हटलं की उगारलेली तलवार आधी दिसते. हे कसलं लढाईचं स्मारक?

पण लढाई तिथंच झाली होती. लढणाऱ्यांना दाणापाणी मिळू नये म्हणून इंग्रजांनी शेतं-घरं जाळली आणि बायकापोरांना छावण्यांत कोंबलं. अपुरं अन्न, गोवर, विषमज्वर. सुमारे २६ हजार बायका-मुलं गेली, त्यांत मुलंच जास्त. एमिली हॉबहाउस नावाची इंग्रज बाईच १९०१ मध्ये तिथं गेली आणि हे सगळं मायदेशात सांगत सुटली. स्वकीयांच्या शिव्या खाल्ल्या. स्प्रिंगफाँटेन स्टेशनावर तिने एक आई पाहिली होती. मांडीवर लेकरू जात होतं आणि ती रडतही नव्हती. ते तिने शिल्पकाराला सांगितलं, त्यातून हे शिल्प झालं. युद्धानंतर बोअर बायकांना सूतकताई-विणकाम शिकवायला तिने शाळाही काढल्या. स्मारक १९१३ मध्ये उघडलं. १९२६ मध्ये ती वारल्यावर तिची रक्षा तिथंच ठेवली.

एक गोष्ट मात्र मला खटकली. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तिथंही किमान १४ हजार माणसं मेल्याची नोंद आहे. त्यांच्या आया या शिल्पात नाहीत.

त्या रात्री झोप लागेना. सासूबाई सारख्या डोळ्यांपुढे येत होत्या. रझाकारांच्या धामधुमीत तान्हं पोर घेऊन त्या रानात लपल्या होत्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोराला पदराखाली घट्ट धरलेलं. रात्री थंडी-ताप भरला, तिसऱ्या दिवशी ते गेलं. डाळ निवडता निवडता एवढंच सांगायच्या आणि सूप उचलून आत जायच्या. मीही कधी पुढचं विचारलं नाही. काम पडलेलं असायचं, खरं सांगायचं तर भीतीही वाटायची.

सोनपेठला आल्यावर पिशवीही न सोडता थोरल्या वन्संना फोन लावला. त्या लेकराचं नाव काय होतं, विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पण त्यांना आठवत होतं.