चौधरी, जयंतनाथ

(१० जून १९०८ – ६ एप्रिल १९८३). भारताचे भूसेनाप्रमुख (१९६२–६६) व हैदराबाद संस्थानचे लष्करी गव्हर्नर (१९४८–४९). जन्म सधन व उच्चशिक्षित बंगाली कुटुंबात. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचे मातामह. लंडनमधील शालेय शिक्षणानंतर सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात प्रशिक्षण घेऊन १९२८ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ५ व्या भारतीय डिव्हिजनबरोबर सूदान, एरिट्रिया व पश्चिम वाळवंट या आघाड्यांवर काम केले आणि पुढे ब्रह्मदेशात १६ व्या लाइट कॅव्हलरीचे नेतृत्व केले. स्वातंत्र्यानंतर सैनिकी कारवाई व गुप्तवार्ता विभागाचे संचालक आणि मे १९४८ पासून पहिल्या चिलखती डिव्हिजनचे मुख्याधिकारी.

मराठवाड्याच्या इतिहासात चौधरींचे नाव येते ते याच अधिकारपदामुळे. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्यास निजामाने नकार दिला होता. रझाकारांच्या अत्याचारांनी नांदेड, उस्मानाबाद, बीदर आदी जिल्ह्यांतील प्रजा त्रस्त झाली होती. त्यांचा नेता कासिम रझवी हा मूळचा लातूरचा वकील. १३ सप्टेंबर १९४८ रोजी चौधरींची डिव्हिजन सोलापूरहून निघाली. नळदुर्ग त्याच दिवशी पडले. तेथून उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद व जहीराबाद या मार्गाने मुख्य दल पुढे सरकले, तर औरंगाबादकडील दुसऱ्या दलांनी जालना घेतले. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादचे सेनापती मेजर जनरल अल् इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. कारवाईस ‘पोलीस कारवाई’ असे नाव देण्यात आले असले, तरी रणगाडे व विमाने यांचा तीत झालेला उपयोग पाहता ती पूर्णपणे लष्करी मोहीम होती.

मोहीम पाच दिवसांत संपली. तिच्यामागून आलेला काळ अधिक कठीण होता. लातूर हे सोलापूर–हैदराबाद मार्गाच्या बरेच उत्तरेस असलेले, उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी गाव (लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला). जुनी सत्ता कोसळली होती, नवी अद्याप खेड्यापाड्यांत पोहोचली नव्हती. या अवधीत रझाकारांवरील संतापाचा सूड सर्वसामान्य मुस्लिम रहिवाशांवर उगवला गेला. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात प्रवास केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक हानी झालेले जिल्हे, असे तिने नमूद केले. संस्थानातील एकूण मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. लातुरात हत्याकांड वीसहून अधिक दिवस चालले व सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले, असेही तिने नोंदविले. काही ठिकाणी सैनिकांनीच लुटीस उत्तेजन दिल्याचा तिचा आरोप होता. चौधरींविषयी मात्र, ते शिस्तप्रिय व जातीय पूर्वग्रहापासून मुक्त आहेत, असा अभिप्राय तिने दिला. हा निर्वाळा वैयक्तिक आहे. ज्या प्रदेशाची सर्व सत्ता एका अधिकाऱ्याच्या हाती होती, तेथील पहिल्या काही आठवड्यांच्या बंदोबस्ताची जबाबदारी त्याने हलकी होत नाही. सरदार पटेलांना समितीचे निष्कर्ष मान्य नव्हते. अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला व २०१३ मध्ये अभ्यासकांना उपलब्ध झाला. त्यामुळे मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावरील बहुतेक मराठी लेखनात या प्रकरणाचा उल्लेख त्रोटकच आढळतो.

चौधरींच्या राजवटीत मुलकी कारभार द. शि. बखले यांच्याकडे होता. निजामाची खाजगी सर्फ-ए-खास जमीन सरकारी मुलखात विलीन करणे आणि १५ ऑगस्ट १९४९ चा जहागिरी निर्मूलनाचा कायदा ही तीतील टिकाऊ कामे होत. मराठवाड्यातील अनेक गावांना यामुळे प्रथमच एकसारखी महसूल व्यवस्था लाभली. डिसेंबर १९४९ मध्ये लष्करी राजवट संपली.

मे १९५९ पासून ते पुणे येथील दक्षिण विभागाचे प्रमुख होते. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीची कारवाई त्यांच्याच अधिकारकक्षेत पार पडली. चीनकडून झालेल्या पराभवानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होण्याच्या सुमारास ते भूसेनाप्रमुख झाले. सैन्यसंख्या सव्वाआठ लाखांपर्यंत वाढविणे व दहा पर्वतीय डिव्हिजन उभ्या करणे या योजनेत त्यांचा वाटा मोठा होता. १९६५ च्या युद्धातील त्यांच्या नेतृत्वाविषयी मतभेद आहेत. दारूगोळा संपत आल्याचे त्यांनी पंतप्रधान शास्त्रींना सांगितले. प्रत्यक्षात आघाडीवरील साठ्यापैकी सुमारे १४ टक्केच खर्ची पडला होता, असे नंतर आढळून आले. नेटक्या आखणीची सवय असलेला हा सेनानी अनिश्चित लढाईत अतिसावध होई, असे दिसते.

निवृत्तीनंतर ते कॅनडात भारताचे उच्चायुक्त होते (१९६६–६९). भारत सरकारने त्यांना ‘पद्मविभूषण’ देऊन गौरविले. संरक्षणविषयक वृत्तपत्रीय लेखन त्यांनी दीर्घकाळ केले. *आर्म्स, एम्स अँड अ‍ॅस्पेक्ट्स* (१९६६) हा त्यांचा लेखसंग्रह.