विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ : नव्या हंगामाची पूर्वतयारी

हैदराबाद येथील उस्मानिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ दक्षिण विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रवाना होतो, तेव्हा लोकांपुढे येतात ती केवळ बारा खेळाडूंची नावे. ही बारा नावे निश्चित होण्यापूर्वी जे काही महिने गेलेले असतात, त्यांची माहिती पालकांना सहसा नसते आणि पुष्कळ महाविद्यालयांतील अध्यापकांनाही ती अपुरीच असते. परिणामी, एखादा चांगला विद्यार्थी खेळात उणा पडला म्हणून नव्हे, तर त्याचा अर्ज वेळेवर गेला नाही किंवा त्याच्या महाविद्यालयाचा संघ पहिल्याच सामन्यात बाद झाला म्हणून वर्षभर संघाबाहेर राहतो. हंगामाचे भवितव्य पहिला चेंडू उडण्यापूर्वीच बव्हंशी ठरलेले असते. म्हणून ही पूर्वतयारी कशी चालते, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

मराठवाड्यातील वाचकांना उस्मानिया विद्यापीठ परके नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत एके काळी औरंगाबाद आणि नांदेडची महाविद्यालये होती. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय व नांदेडचे पीपल्स कॉलेज ही दोन्ही १९५० मध्ये सुरू झाली, ती उस्मानियाशी संलग्न म्हणूनच. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हा संबंध संपला. खुद्द हैदराबाद शहरात मात्र मराठी मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेली विवेकवर्धिनी ही संस्था आजही चालू आहे. सीमाभागातील मुले शिक्षणासाठी आजही हैदराबादला जातात. खेळाच्या नकाशावर मात्र नांदेडचे विद्यापीठ पश्चिम विभागात व उस्मानिया दक्षिण विभागात येते. त्यामुळे दोन शेजाऱ्यांची गाठ पडायची झाल्यास ती अखिल भारतीय फेरीतच पडू शकते.

ही विभागांची व्यवस्था भारतीय विद्यापीठ संघाची आहे. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ या नावाने स्थापन झालेल्या आणि १९७३ पासून आजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने देशातील विद्यापीठे पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा चार विभागांत वाटली आहेत. अमेरिकेतील व्यवस्था याहून निराळी आहे. तेथे काही विद्यापीठे एकत्र येऊन आपली परिषद स्थापन करतात, परिषदेतील संघ परस्परांच्या गावी जाऊन आलटून पालटून खेळतात आणि एका हंगामात एका संघाच्या वाट्यास सुमारे तीस सामने येतात. आपल्याकडे विभागीय स्पर्धा एखाद्या विद्यापीठाच्या आवारात थोड्या दिवसांत उरकली जाते. प्रारंभीच्या फेऱ्या बाद पद्धतीने होतात, शेवटी उरलेले चार संघ साखळी पद्धतीने खेळतात आणि तेच चार अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. अमेरिकन संघ हंगाम चालू असताना सुधारू शकतो. भारतीय संघाला तशी सवड नसते. त्याला तयार होऊनच जावे लागते.

कोणता विद्यार्थी कोणत्या विद्यापीठाकडून खेळू शकतो, याविषयी हैदराबादमध्ये विशेष घोटाळा होतो. एकाच शहरात अनेक विद्यापीठे आहेत. जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्रीय विद्यापीठ १९७२ पासून आणि हैदराबाद विद्यापीठ १९७४ पासून स्वतंत्र आहे. तंत्रशास्त्रीय विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी उस्मानियाच्या मैदानावर रोज सराव करीत असला, तरी त्याला उस्मानियाचा गणवेश मिळत नाही. विद्यापीठांची विभागणी होत गेली तसतसे खेळाडूही विभागले गेले. वरंगळ येथील काकतीय विद्यापीठ १९७६ मध्ये, निजामाबादचे तेलंगण विद्यापीठ २००६ मध्ये व महबूबनगरचे पालमूर विद्यापीठ २००८ मध्ये निर्माण झाले. कोठी येथील महिला महाविद्यालय १९२४ पासूनचे. २०२२ मध्ये त्यालाही स्वतंत्र महिला विद्यापीठाचे रूप मिळाले. शिक्षणाच्या प्रसाराच्या दृष्टीने हे योग्यच झाले. उस्मानियाच्या मुलींच्या संघाची निवड करणाऱ्यांचे क्षेत्र मात्र त्यामुळे थोडे आखडले.

महाविद्यालयीन संघांतून विद्यापीठाचा संघ निवडण्याचे साधन म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. १८८७ मध्ये स्थापन झालेले निजाम महाविद्यालय साठ वर्षे मद्रास विद्यापीठाशी संलग्न राहून १९४७ मध्ये उस्मानियाचे घटक महाविद्यालय झाले. अशा जुन्या, मैदान असलेल्या संस्था या स्पर्धेत उतरतात, तशीच मेदक किंवा संगारेड्डी भागातील लहान महाविद्यालयेही उतरतात. खरा प्रश्न येथेच उद्भवतो.

समजा, बत्तीस संघ उतरले आहेत. बाद पद्धतीने एकतीस सामन्यांत विजेता ठरतो. पण पहिल्या फेरीतच सोळा संघ, म्हणजे निम्मे खेळाडू, एकेक सामना खेळून घरी परततात. त्यात तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या बसने निघून आलेला संघ असतो. त्याची गाठ पहिल्याच फेरीत शहरातील बलाढ्य संघाशी पडली, तर त्यातील एखाद्या गुणी खेळाडूला निवड समितीने पाहिले ते चाळीस मिनिटे, आणि तेही तो पराभूत होत असताना. याउलट चार चार संघांचे आठ गट करून गटांत साखळी सामने घेतले, तर प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतात. परंतु मग सामन्यांची संख्या अठ्ठेचाळीस अधिक सात, म्हणजे पंचावन्न होते. मध्यंतरे व थांबे धरून एका सामन्यास सुमारे दीड तास लागतो. दिव्यांची सोय नसलेल्या एका मैदानावर दिवसाला चार सामने धरले, तर बाद पद्धतीस आठ दिवस पुरतात आणि गट पद्धतीस चौदा दिवस लागतात. पंचांचे मानधन, मुलांचे भोजन, बुडणारे तास यांचा हिशेब करणाऱ्यास पहिली पद्धत सोयीची वाटते, हे समजण्यासारखे आहे.

या दोहोंमधील एक मार्ग आहे आणि त्याचा विचार सर्वच विद्यापीठांनी करावा असा तो आहे. पहिल्या फेरीत पराभूत झालेल्या सोळा संघांना परस्परांशी आणखी एक सामना द्यावा. त्यासाठी आठच सामने वाढतात व दोन दिवस अधिक लागतात. विजेतेपदाशी त्यांचा काही संबंध नसतो. निवड समितीला मात्र दूरच्या मुलांना पुन्हा एकदा, आणि तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यासमोर, पाहता येते. स्पर्धेनंतर निवड चाचणी होते तीत अशा मुलांना बोलावणे हेही समितीच्या हाती असते. बाद झालेल्या संघातील एकाही मुलाचे नाव ज्या चाचणीच्या यादीत नाही, ती यादी पुन्हा तपासून पाहण्यास हरकत नसावी.

आता कालक्रमाकडे वळू. जून-जुलैमध्ये प्रवेश होतात आणि त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे झाला. बर्फाच्या दिवसांत मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो शोधून काढला. आपल्याकडे हाच खेळ बव्हंशी उघड्या सिमेंटच्या मैदानावर खेळला जातो. २००२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा व २००३ च्या आफ्रो-आशियाई स्पर्धा यांच्या निमित्ताने हैदराबादेत गच्चीबावली आदी ठिकाणी बंदिस्त क्रीडागृहे उभी राहिली खरी, पण महाविद्यालयांचा रोजचा सराव तेथे होत नाही. ओल्या सिमेंटवर धावणारा खेळाडू घसरतो आणि गुडघा किंवा घोटा एकदा दुखावला की तो हंगाम संपल्यातच जमा. म्हणून पावसाळ्यापूर्वी मैदानाच्या भेगा बुजविणे, पाणी वाहून जाईल असा किंचित उतार राखणे आणि रेषा पुन्हा आखणे ही कामे उरकावी लागतात. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद, कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंच, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, ही मापे ठरलेली आहेत. जुन्या मैदानांवर तीन गुणांची रेषा पूर्वीच्या ६.२५ मीटर अंतरावरच राहिलेली कोठे कोठे आढळते. त्या रेषेवर सराव केलेल्या मुलाचे नेम विभागीय स्पर्धेत अर्ध्या मीटरने कमी पडतात, आणि दोष त्याच्या माथी येतो.

पावसामुळे मैदान बंद असले तरी तयारी बंद राहू नये. पहिले काही आठवडे पायांचे असतात. पायऱ्या चढणे, दोरीवरच्या उड्या, थांबून एकदम वळणे, एका पायावर स्थिर राहून दुसऱ्याने दिशा बदलणे, हे व्हरांड्यातही करता येते. आपल्या खेड्यांतील मुलांना येथे एक लाभ आहे. खो-खो खेळलेल्या मुलाला दिशा बदलणे आणि कबड्डी खेळलेल्याला प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर नजर ठेवणे शिकवावे लागत नाही. उंची हवी हे खरे. पण चेंडू खेळवीत पुढे नेणारा खेळाडू उंचीपेक्षा नजरेवर व दमावर खेळतो. दमाचे महत्त्व यासाठी की, दहा दहा मिनिटांच्या चार सत्रांत चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांच्या आत कड्याकडे फेकावा लागतो. दोन्ही संघ सतत वर-खाली धावत असतात. मोकळ्या फेकीचा सराव ताज्या दमाने करून फारसा उपयोग नाही. तो दिवसाच्या शेवटी, पाय जड झाल्यावर करावा, कारण सामन्यातही ती फेक तशाच अवस्थेत घ्यावी लागते.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा सर्वांत कठीण काळ. गणेशोत्सव, बतुकम्मा व दसरा लागोपाठ येतात, वसतिगृहे रिकामी होतात आणि जमलेला संघ पांगतो. त्यापाठोपाठ सत्रान्त परीक्षा असतात. विभागीय स्पर्धाही साधारणतः याच हिवाळ्याच्या तोंडावर येतात. प्रात्यक्षिक परीक्षा की शिबिर, असा पेच मुलापुढे पडतो, आणि तो एकट्याने सोडवावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. शारीरिक शिक्षण संचालकांनी सप्टेंबरमध्येच प्राचार्यांशी व परीक्षा विभागाशी पत्रव्यवहार केला, तर पुष्कळदा मार्ग निघतो. ऐनवेळी केलेल्या विनंतीवर तो क्वचितच निघतो.

पात्रतेच्या कागदपत्रांविषयी अध्यापकांनी विशेष दक्ष राहावे. खेळाडू नियमित पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो व त्याचा अभ्यासक्रम निदान एका शैक्षणिक वर्षाचा असावा लागतो. दूरशिक्षणाचा विद्यार्थी चालत नाही. तात्पुरता प्रवेशही चालत नाही, आणि येथेच ग्रामीण मुले सापडतात. मूळ महाविद्यालयाचा दाखला किंवा गुणपत्रिका न आल्यामुळे प्रवेश तात्पुरता राहतो, मूल निर्धास्तपणे सराव करीत असते आणि नाव पाठविण्याच्या दिवशी ते अपात्र ठरते. एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांचे प्रतिनिधित्व करता येत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख, आधारपत्रावरील जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग एकमेकांशी जुळते काय, हे ऑगस्टमध्ये पाहिले तर दुरुस्तीस वेळ मिळतो.

पालकांच्या मनात असा प्रश्न येतो की, एवढ्या धावपळीचा उपयोग काय. केंद्र शासनाच्या सेवांत खेळाडूंसाठी भरतीचे जे नियम आहेत, त्यांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्या उमेदवाराचा अंतर्भाव आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील सहभागाचे प्रमाणपत्र त्यासाठी पुरत नाही. विद्यापीठाच्या बारा जणांत नाव येणे आणि तेराव्या क्रमांकावर राहणे यांत अंतर आहे ते हे. रेल्वेसारख्या खात्यांचे संघ याच वयोगटातील मुले शोधत असतात. निवडीच्या मुलाखतीस जाताना मूळ प्रमाणपत्रे लागतात. म्हणून स्पर्धेहून परतल्यावर विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागातून सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र त्याच वर्षी मिळवून ठेवावे. पदवी हाती पडल्यानंतर चार वर्षांनी ते मागावयास गेलेल्याला जुन्या नोंदवह्या उलटीत बसावे लागते.