सात प्रश्नचिन्हांचे गाव

‘सोलापूर’ हा शब्द किती अक्षरांचा आहे? पहिलीतला मुलगा बोटे मोजून सांगेल, चार. सो, ला, पू, र. संगणकाला विचाराल तर तो म्हणेल सात. आणि ज्या डिस्कवर हा शब्द साठवला जातो तिचा हिशेब पाहाल तर तेथे जागा लागलेली असते एकवीस घरांची. गंमत अशी की तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. इंटरनेटवरच्या फॉर्मांत आणि याद्यांत मराठी नावांची जी दैना होते, तिचे मूळ बहुतेक वेळा या तीन आकड्यांच्या घोळात सापडते.

ती दैना तुम्ही पाहिली असेलच. शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये नाव, गाव, शाळा सारे काळजीपूर्वक मराठीत भरले, बटण दाबले, आणि पावतीवर गावाच्या जागी उमटले ‘???????’. मग कोणी म्हणते सर्व्हर बिघडला, कोणी म्हणते व्हायरस शिरला, आणि कोणी शहाणा सल्ला देतो की मराठीत भरलेच कशाला, इंग्रजीत भरायचे! हा शेवटचा सल्ला मला मुळीच पटत नाही. दुखणे कोठे आहे हे न पाहताच पाय कापून टाकण्यातला तो प्रकार आहे. आपण आधी रोग्याला तपासू या.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, त्याला फक्त संख्या कळतात. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या मावते. कोणत्या संख्येला कोणते अक्षर मानायचे, हे एका कोष्टकाने ठरते. सोलापूरकरांना हे समजावण्यासाठी लांब जायला नको. आपल्याकडची नक्षीची चादर जेकार्ड मागावर विणतात. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जेकार्डने १८०४ च्या सुमारास काढलेली ही युक्ती. पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडलेली असतात. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. जेथे भोक असेल तेथला आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले उभे धागे वर येतात. आता विचार करा, कार्डांचा तोच संच आकड्यांची बांधणी वेगळी असलेल्या मागावर चढवला तर काय होईल? मोराच्या जागी भलतीच वेडीवाकडी नक्षी उमटेल. कार्डे मात्र शाबूत असतील. पुन्हा योग्य मागावर चढवली की मोर परत येईल. हे शाबूत राहणे लक्षात ठेवा, कारण सगळे निदान त्यावर उभे आहे.

अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ हे कोष्टक ठरले. त्यात १२८ जागा होत्या, आणि इंग्रजीला त्या पुरल्या. पुढे २५६ जागांचे ‘लॅटिन-१’ आले, त्यात पश्चिम युरोपातल्या भाषांची सोय झाली. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ हे कोष्टक प्रमाण म्हणून जाहीर केले. त्यात ‘क’चा संकेत देवनागरी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही लिप्यांसाठी एकच होता. मग जगातल्या साऱ्या लिप्या एकाच कोष्टकात बसवणारे ‘युनिकोड’ आले. त्यात देवनागरी ‘क’ला २३२५, तेलुगू ‘क’ला ३०९३ आणि कन्नड ‘क’ला ३२२१ हा क्रमांक मिळाला. ज्या शहरात एकाच बाकावर या तीन भाषांची मुले बसतात, तेथे ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको.

परंतु २३२५ हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. त्यावर केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये तोड काढली. न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली ठेवायच्या कागदावर त्यांनी ती मांडली होती. तिचे नाव ‘यूटीएफ-८’. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘स’ म्हणजे २२४, १६४, १८४. पहिली संख्या २२४ असली की वाचणाऱ्याला कळते, हा तिघांचा गट आहे. पुढचे दोन नेहमी १२८ ते १९१ यांच्या दरम्यान असतात, त्यामुळे गट कोठे सुरू झाला याचा गोंधळ होत नाही.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ उकार, र ही झाली सात चिन्हे. सात गुणिले तीन, एकवीस बाइट.

आता रोग्याची नाडी पाहू. पडद्यावर काय दिसते ते नीट पाहा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या रोगाचे आहे.

नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर निश्चिंत राहा. माहिती सुखरूप आहे, फक्त त्या यंत्रावर देवनागरीचा फाँट नाही.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यामागे चार पाय फुटलेले वर्तुळ, पुन्हा तोच ‘ए’, पुन्हा तेच वर्तुळ, अशी रांग दिसली तर समजा की यूटीएफ-८ मधली माहिती कोणीतरी लॅटिन-१ चे कोष्टक हातात घेऊन वाचतो आहे. लॅटिन-१ मध्ये २२४ म्हणजे तो ‘ए’ आणि १६४ म्हणजे ते वर्तुळ. मराठी मजकुरात २२४ आणि १६४ वारंवार येतात म्हणून ही जोडी वारंवार दिसते. येथे कार्डे शाबूत आहेत, माग चुकला आहे.

साधी रोमन अक्षरे विनाकारण एकत्र आलेली दिसली तर तो जुन्या फाँटचा प्रताप. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. उदाहरणार्थ, लहान ‘डी’च्या जागी ‘क’. फाँट काढून घेतला की मागे ‘डी’ उरतो. हाही रोग बरा होतो, रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात.

आणि प्रश्नचिन्हे? ती मोजा. ‘सोलापूर’च्या जागी बरोबर सात आली असतील, तर हे दुखणे खरोखर गंभीर आहे. कोणीतरी युनिकोडमधली सात चिन्हे अशा कोष्टकात ओतायचा प्रयत्न केला की ज्यात देवनागरीला जागाच नाही. जागा नाही म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजी त्याने ६३ हा आकडा लिहिला. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. येथे कार्डांवरची जुनी भोके बुजवून सगळीकडे एकसारखे भोक पाडले गेले. ‘सोलापूर’ची सात प्रश्नचिन्हे आणि ‘कोल्हापूर’ची नऊ, पण ‘नागपूर’ची सहा आणि ‘अकोला’ची पाच यांतून गाव ओळखणे अशक्य. मूळ कागद जपून ठेवलेला असेल तरच नाव परत मिळते. एका संस्थेत प्रवेशाची यादी नव्या यंत्रावर हलवताना हेच झालेले मी पाहिले आहे. हस्तलिखित अर्ज कपाटात होते म्हणून निभावले. अर्ज फक्त ऑनलाइन घेतले असते, तर शेकडो मुलांना पुन्हा बोलवावे लागले असते.

मग बिघाड शोधायचा कसा? दिवाळीत दिव्यांची माळ लागेनाशी झाली की आपण एका टोकापासून एकेक दिवा तपासत बसत नाही. मधोमध परीक्षक लावतो. तेथपर्यंत वीज येत असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. नावाचा प्रवासही असाच माळेसारखा आहे. फॉर्मचे पान, ते वाचणारी स्क्रिप्ट, स्क्रिप्ट आणि डेटाबेस यांमधली जोडणी, डेटाबेसमधला तक्ता, आणि मग त्याच वाटेने परत. मधोमध आहे तक्ता. तेथे जाऊन विचारा, या नावाचे बाइट किती आणि चिन्हे किती? मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये दोन्ही मोजायची वेगवेगळी सोय आहे. एकवीस आणि सात आले तर तक्ता ठणठणीत, दोष परतीच्या वाटेवर. सात आणि सात आले तर प्रश्नचिन्हे तक्त्यातच बसली आहेत, दोष येण्याच्या वाटेवर. बेचाळीस किंवा अधिक बाइट आले तर एकदा चुकीचे वाचलेले पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले गेले आहे. हाही बहुधा उलट्या पावलांनी सोडवता येतो.

एकवीस आणि एकवीस आले तर मात्र सावध व्हा. या ठिकाणी भलेभले फसतात. तक्ता लॅटिन-१ चा, जोडणीही लॅटिन-१ ची, आणि आत येणारे बाइट यूटीएफ-८ चे. डेटाबेस समजतो की ही एकवीस युरोपीय अक्षरे आहेत. तो ती तशीच ठेवतो आणि तशीच परत देतो. पान ते यूटीएफ-८ म्हणून दाखवते आणि मराठी सुंदर दिसते! वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. एका भिंगाने प्रतिमा उलटी होते, दुसऱ्याने पुन्हा सुलटी, तसे हे. मग एके दिवशी कोणी हुशार माणूस जोडणी दुरुस्त करतो, म्हणजे एक भिंग काढतो, आणि सारे जग उलटे होते. दोष त्याच्या माथी बसतो, खरा दोष मात्र जुना असतो. अशा वेळी तक्त्याचे कोष्टक सरळ बदलायची आज्ञा देऊ नये, ती तर एकवीसचे बेचाळीस किंवा अधिक करून ठेवते. आधी संपूर्ण तक्त्याची प्रत काढावी, बाइटना ‘हे नुसते बाइट आहेत’ असे सांगून मोकळे करावे, मग त्यांना यूटीएफ-८ म्हणावे. तेही प्रथम एका नावावर करून पाहावे.

असे तक्ते इतके का आढळतात? मायएसक्यूएल हा डेटाबेस १९९५ साली स्वीडनमध्ये जन्मला. २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, काही न सांगता तक्ता बनवला तर तो लॅटिन-१ चा बने आणि नावांची क्रमवारी चक्क स्वीडिश वर्णक्रमाने लागे. अक्कलकोट आणि बार्शी यांत आधी कोण, हे स्वीडिश नियमाने ठरत असे!

वर्णक्रमाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या ‘ळ’ची कथा ऐका. युनिकोडमध्ये ‘ळ’ बसला आहे ‘ल’च्या लगेच पुढे, २३५५ वर. आपल्या वर्णमालेत तो येतो ‘ह’च्या नंतर. म्हणून नुसत्या क्रमांकावर यादी लावली की काळे आधी आणि कावळे नंतर येतात. मराठी कोशात उलट. हजेरीपटावर हे चालून जाईल, शब्दकोशात चालणार नाही. त्यासाठी डेटाबेसला मराठीचा क्रम वेगळा सांगावा लागतो.

आणखी एक फसवे प्रकरण कऱ्हाडचे आहे. त्यातला अर्धा ‘र’ दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत २३५३ क्रमांकाचा खास ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या रीतीने शब्द सहा चिन्हांचा, दुसरीने सातांचा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. परंतु एका रीतीने साठवलेले गाव दुसऱ्या रीतीने शोधले तर साध्या तुलनेत ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. साठवण्यापूर्वीच सर्वांना एका रूपात आणणे हा त्यावरचा उपाय.

आता स्क्रिप्टकडे वळू. पीएचपी या लोकप्रिय भाषेत शब्दाची लांबी मोजणारी साधी आज्ञा बाइट मोजते, ‘सोलापूर’ला ती एकवीस म्हणते. जागा वाचवण्यासाठी कोणी ‘पहिले दहा घ्या’ असे लिहिले की ‘सोल’चे नऊ बाइट येतात आणि दहावा बाइट काना तोडून आणलेला तुकडा असतो. त्या तुकड्याच्या जागी काळ्या शंकरपाळ्यातले प्रश्नचिन्ह दिसते. चिन्हे मोजणारी वेगळी आज्ञा वापरली तर तुकडे पडत नाहीत, तरी पहिली पाच चिन्हे घेतल्यास ‘सोलाप’ उरतो, पुढचा उकार गळतो. चार अक्षरांतली पहिली तीन हवी असतील तर पहिलीतल्या मुलासारखेच मोजायला शिकवावे लागते.

वसईकडच्या डि'सोझांची अडचण निराळी. डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत मजकूर दोन एकेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. नावातले उभे चिन्ह आले की डेटाबेसला वाटते मजकूर संपला, आणि ‘सोझा’ ही त्याला आज्ञा वाटते. साधे नाव असेल तर नुसती अडखळण होते. परंतु कोणी मुद्दाम त्या जागी खरीच आज्ञा लिहिली, तर सारा तक्ता पुसला जाऊ शकतो. म्हणून आज्ञा आणि नाव एकत्र चिकटवू नयेत. आधी रिकामी जागा ठेवलेली आज्ञा पाठवावी, नाव मागाहून स्वतंत्रपणे द्यावे. नावातली चिन्हे गाळून टाकणारे फॉर्मही असतात. माझ्या मते तो उद्धटपणा आहे, माणसाचे नाव त्याच्या मर्जीनेच लिहिले जावे.

यातले बरेचसे तुम्हाला शाळेच्या संगणकावर करून पाहता येईल. नोटपॅड उघडून ‘सोलापूर’ एवढेच टंका, शेवटी एंटर दाबू नका. जतन करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा. फाइलच्या माहितीत आकार पाहा, २१ बाइट. आता तीच फाइल दुसऱ्या नावाने ‘एएनएसआय’ निवडून जतन करा. संगणक इशारा देईल, तरीही पुढे जा. ही फाइल बंद करून उघडा. बहुतेक संगणकांवर सात प्रश्नचिन्हे दिसतील आणि आकार असेल ७ बाइट. त्या सातांतून गाव परत आणायचा काही मार्ग सापडतो का, तेही पाहा. मग तेलुगू किंवा कन्नड लिहिणाऱ्या मित्राकडून त्याचे नाव टंकून घ्या आणि तिनाचा हिशेब जुळतो का ते तपासा. शेवटी ‘श्रीसिद्धेश्वर’ घ्या. कानाला पाच अक्षरे. चिन्हे आधी कागदावर मोजा, हलन्त विसरू नका, आणि मगच फाइलचा आकार पाहा. ४२ च्या जागी ४५ आले, तर जतन करताना ‘बीओएम’ असलेला पर्याय निवडला गेला आहे. तो फाइलच्या आरंभी तीन बाइट आपल्या पदरचे घालतो.